डिपॉझिट

नवतपाचा तिसरा दिवस. सामान बांधून झालंय.
खोक्यांवर मार्करने लिहिलंय:
भांडी. पुस्तकं. भांडी. काय माहीत.
रिकाम्या स्वयंपाकघरात मी उकिडवी बसलेय,
हातात पर्णिकाचा जुना टूथब्रश,
दाते फाकलेला, हत्तीचं चित्र अर्धं गेलेलं.

हेडाऊ काकू म्हणाल्या होत्या,
"पाहू जी, फरशी कशी ठेवली त्यावर."
वीस हजार रुपये त्या 'पाहू'त अडकलेत.

टाइल्सचं काही नाही. टाइल्स एका पुसण्यात ऐकतात.
दगा देतात फटी.
काडेपेटीच्या काडीएवढी जागा,
तिच्यात आठ वर्षांची फोडणी,
कूलरमधून झिरपलेलं पाणी, बोअरिंगचा क्षार,
आणि चपलांखालून आत आलेला सगळा मानेवाडा
बसून, वाळून, काळा झालाय.

सक्करदऱ्याच्या हार्डवेअरवाल्या पोराने
पांढऱ्या फिलरचं पाकीट दिलं, वर ॲसिडची बाटली.
"एका रात्रीत नवीन, मॅडम,"
मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

आधी सोडा. ओला सोडा थापायचा,
पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी आठवायचं,
मग घासायचं, ढोपरं बोंबलेस्तोवर.
पहिली फट काळी. काळी. मग तपकिरी.
मग करडी, आणि मी थांबले.
हाच असणार हिचा रंग, सिमेंटचा;
भाड्याच्या घराला दुसरा कुठला असतो?

पण ओट्याखाली, जिथे सिलिंडर उभा असायचा,
तिथला फेस फडक्याने ओढला
तर खाली निळं.
निळं म्हणजे, शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला
दुसऱ्या पाण्यानंतर उरतं ना, तेवढंच.
डोळ्यांत घाम गेला असेल, म्हणून पुसून पाहिलं.
डोळेही, फटही.

फोन लावला.
"काकू, या फरशीच्या फटी निळ्या होत्या का?"
पलीकडे कूलरची घरघर.
बराच वेळ नुसती घरघर.
"काऊन वं? निघाली का?"

"घर बांधलं तवा मिस्त्री विचारे, पांढरं भरू का करडं.
मी म्हटलं, थांब.
माझं माहेर गोळीबार चौकातलं, आंगणात सूत रंगवत आमच्या.
मूठभर नीळ टाकली मी पांढऱ्या सिमेंटात.
हे चार दिवस बोलले नाही माझ्याशी.
मंग पूजेला पावणे आले, म्हणे, वा, थंड वाटते इथं.
तवापासून हे साऱ्यायले सांगत, आयडिया माझी होती."

हसल्या. खोकल्या. पाणी प्यायल्याचा आवाज आला.
"ॲसिड नोको टाकू बाई. ॲसिडानं नीळ मरते."

बाटली बाल्कनीत नेऊन ठेवली.
फिलरचं पाकीट 'काय माहीत'मध्ये.
पुन्हा बसले. आता हात हळू चालत होता,
झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसा.
आठ वर्षं मी इथे पोळ्या लाटल्या,
दूध उतू घालवलं, एकदा भांडून ताट आपटलं,
आणि पायाखाली ही बाई
आपली मूठभर हौस पुरून गेली होती.

रात्री साडेदहाला भूषण आला.
"झालं?"
"अजून बावीस फटी."
त्याने पॅन्ट दुमडली,
स्वतःचा ब्रश आणला, चालू, रोजचा,
आणि दारापासून सुरुवात केली.
थोड्या वेळाने, खाली मान घालूनच:
"पैशाचं काय म्हणाल्या?"

विचारायचं राहूनच गेलं की.

ट्रक सकाळी सहाला येणार आहे.
फ्रिज अजून जागचा हललेला नाही.
त्याच्याखाली काय रंग आहे, कोण जाणे.